बिनकुलपाची फ्लॉपी

सकाळपासून चौथ्यांदा कुणीतरी इंटरनेटचं नाव काढलं आणि रॉबिन पाटोळेचं टाळकं सटकलं. पहिल्यांदा काढलं ते दूधवाल्याने. त्याच्या मेव्हण्याने म्हणे सावेडीत बसून दुबईच्या भावाला पत्र धाडलं आणि हातातला चहा संपायच्या आत उत्तर आलं. दुसऱ्यांदा चर्चच्या सेक्रेटरीने, तिसऱ्यांदा बँकेतल्या शिपायाने. आणि चौथ्यांदा, दुकानात पाय टाकल्या टाकल्या, छबूबाईंनी. छबूबाई गेली आठ वर्षं त्याच्याकडे टायपिंग करत होत्या, कधी नको ते बोलल्या नव्हत्या.

"साहेब, ते नेट आपल्याकडे कधी येणार हो?"

"का? आपल्याकडे काय कमी पडलंय?" रॉबिन खेकसला. "तुम्हाला दुबईला पत्र धाडायचंय?"

छबूबाईंनी मान खाली घातली आणि पुन्हा टायपिंग सुरू केलं. रॉबिनला लगेच वाईट वाटलं, पण वाईट वाटलं म्हणजे राग गेला असं थोडंच असतं!

आता त्याचीही बाजू ऐकून घ्यायला हवी. मूळचा काही तो असा तिरसट नव्हता. नव्वद साली, कॉम्प्युटर बघायला लोक चपला बाहेर काढून आत यायचे त्या काळात, या गड्याने मुंबईहून सुटे भाग आणून स्वतःच्या हाताने मशीनं जोडली. नगरच्या तारकपूर स्टँडसमोर पाटी लावली, 'पाटोळे कॉम्प्युटर्स'. मशीनं तर चालली, पण मराठीत लिहायचं कशाने? मग दोन वर्षं आलेखाच्या वहीत एकेक अक्षर काढलं. क चं पोट, ळ ची गाठ, रफाराचा कोयता, सगळं हाताने. बायकोचं नाव सारा, म्हणून त्या अक्षराला नाव दिलं 'साराक्षर'. ती सिव्हिलला नर्स होती. म्हणाली, "साडी घेतली असती तर परवडलं असतं." पण सगळ्या वॉर्डात सांगून आली.

साराक्षर एवढं देखणं झालं, की श्रीरामपूरपासून जामखेडपर्यंत जेवढे म्हणून छापखाने होते तेवढ्यांनी ते घेतलं. लग्नपत्रिका कुणाचीही असो, अक्षर पाटोळेचं. दशक्रियेची जाहिरात कुणाचीही असो, अक्षर पाटोळेचं. आणि ते कुणी फुकट उतरवून घेऊ नये म्हणून रॉबिनने त्याला कुलूप केलं. काड्यापेटीएवढी एक डबी, मशीनच्या मागे प्रिंटरच्या वायरीत बसवायची. ती नसली की अक्षर उमटायचं नाही. बरं, ती असून भागायचं नाही, मशीनसुद्धा पाटोळेचंच लागायचं. संगमनेरच्या एका छापखानेवाल्याने शहाणपणा केला, पुण्याहून स्वस्तातलं मशीन आणलं. त्यावर साराक्षर काही केल्या उघडेना. मुकाट्याने आला परत. रॉबिनने त्याला दोन तास बाकड्यावर बसवून ठेवलं, मगच विचारलं, "बोला, काय काम काढलंत?" ही गोष्ट तो चारचौघांत मोठ्या चवीने सांगायचा.

एकालाच काय ती त्याने सूट दिली होती. शनिशिंगणापूरचा गोरक्ष. आरत्यांची पत्रकं, प्रसादाच्या पिशव्यांवरची लेबलं, दुकानांच्या पाट्या असलं छापायचं त्याचं काम. दोन वर्षांपूर्वी तो मशीन न्यायला आला, सगळं बघितलं, हरखला, आणि रॉबिनने डबी हातात ठेवली तसा दोन पावलं मागे सरला.

"ह्ये काय?"

"कुलूप."

"न्हाई चालायचं. आमच्या गावात घराला दार न्हाई, कपाटाला कुलूप न्हाई. आन् मी कंपूटरला लावू? देवाच्या दारात ऱ्हातो मी, सायेब."

"अहो, हे तसलं कुलूप नाही. याला किल्ली पण नाही."

"किल्ली नसलेलं तर लईच वंगाळ! ह्याच्याबिगर आसंल तर द्या. न्हाईतर ऱ्हाऊ द्या."

रॉबिनने डोकं आपटून घ्यायचंच बाकी ठेवलं होतं. शेवटी गिऱ्हाईक कशाला घालवा म्हणून त्याने बिनकुलपाची एक प्रत केली. कोणत्याही मशीनवर चालेल अशी. आणि हे दुसऱ्या गिऱ्हाइकांना कळलं तर सगळेच 'मलाही तसंच द्या' म्हणतील, या धास्तीने त्याने त्या प्रतीतून स्वतःचं नाव काढलं, दुकानाचा फोन नंबर काढला, साराक्षर हे नावसुद्धा पुसलं. आतल्या अक्षराला आणि वरच्या फ्लॉपीला नाव दिलं 'शिंगणापूर', तिची एक प्रत स्वतःच्या खणात टाकली, गोरक्षला वाटेला लावलं, आणि विसरून गेला.

तर ते असो. छबूबाईंवर खेकसून अर्धा तास झाला नसेल, तोवर फोन वाजला. 'दैनिक सीनातीर'चे मालक काकासाहेब. "पाटोळे, ये जरा चितळे रोडला. लगेच ये."

सीनातीर म्हणजे रॉबिनचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. जुलै उजाडला होता, सप्टेंबरात लोकसभा आणि विधानसभा दोन्ही निवडणुका एकदम, आणि काकासाहेबांना पेपर रंगीत करायचा होता. ते टेबलावरची पानं बाजूला सारत म्हणाले, "आपली छपाई आता पुण्याला. पानं इथं लावायची, इंटरनेटवरून पुण्याला धाडायची, तिथं छापायची. शेवगाव, पाथर्डी, पारनेरची माणसंही बातम्या त्याच्यावरूनच देणार. नवी अकरा मशीनं लागतील. तू दे."

रॉबिनचा चेहरा उजळला.

"पण," काकासाहेब म्हणाले, "तुझं अक्षर पुण्यात जसंच्या तसं उघडलं पाहिजे. शनिवारी सकाळी दहाला, इथं, माझ्यासमोर. उघडलं तर अकराही तुझी. नाही उघडलं तर मी माझा मोकळा, तू तुझा मोकळा."

रॉबिन एकेक पायरी मोजत जिना उतरला. कारण ही अकरा मशीनं म्हणजे नुसती ऑर्डर नव्हती. वर्षभर दुकानात कुत्रं फिरकत नव्हतं. जो तो म्हणायचा, थांबा, नेट येतंय, मग बघू काय घ्यायचं ते. साराचा भाऊ पीटर चिंचवडच्या एका कारखान्यात होता, त्याने तिथं स्टोअरमध्ये रॉबिनसाठी जागा बघून ठेवली होती. ही अकरा मशीनं मिळाली तर दुकान राहणार होतं, नाही तर शटर ओढून चिंचवडला नटबोल्ट मोजायला जायचं होतं, आणि छबूबाईंना घरी बसवायचं होतं. एवढं साधं गणित होतं.

दुसऱ्या दिवशी तो नाक मुठीत धरून सावेडीला गेला. कुणाकडे? तर प्रवीणकडे! हा प्रवीण तीन वर्षं त्याच्याच हाताखाली मशीनं जोडायचा. गेल्या वर्षी सोडून गेला आणि त्याने इंटरनेटचं दुकान टाकलं. रॉबिन त्या दिवसापासून त्याच्याशी बोलला नव्हता.

"या सर, या!" प्रवीणने खुर्ची पुसून दिली. पोरगं मनाने चांगलं होतं, हीच तर पंचाईत. भांडायलाही जागा ठेवायचं नाही.

आत पाच मशीनं होती आणि पाचही पाच तऱ्हेची. एकाला तर बाजूचा पत्राच नव्हता, आतल्या वायरी लोंबत होत्या.

"हे डबडं कुणाचं?" रॉबिनने विचारलं.

"काय माहीत सर. जुन्या बाजारातून आणलंय. पण नेट काय, सगळ्यांवर सारखंच दिसतं."

"मशीन कुणाचं हेही बघत नाहीत लोक?"

"आता कोण विचारतंय, सर! मशीन उघडलं, नेट लागलं, झालं. मी तर वाचलं, अमेरिकेतसुद्धा मशीनं आणि सॉफ्टवेअर विकणाऱ्या मोठमोठ्या कंपन्या हादरल्यात म्हणे. वर्षानुवर्षं ज्यांचंच चालायचं, त्या."

"कुठं वाचलंस?"

"नेटवर."

"तरीच!" रॉबिन म्हणाला. पण मनातून त्याला थोडं बरं वाटलं. निदान बुडायला सोबत तरी मोठ्यांची होती.

फोनची तार घसा खरवडल्यासारखी करकरली, शिट्ट्या मारल्या, एकदा तुटली, दोनदा तुटली, तिसऱ्यांदा लागली. रॉबिनने घरून साराक्षरात चार ओळी लिहून आणल्या होत्या. त्या एका मशीनवरून धाडल्या आणि शेजारच्या मशीनवर उघडल्या. बघतो तर काय, सगळा उकिरडा! इंग्रजी अक्षरं, टिंबं, डॉलरची चिन्हं, उलटी प्रश्नचिन्हं. दोन वर्षं घासून काढलेल्या त्या अक्षरांचं एक पोट, एक गाठ कुठे शिल्लक नव्हती.

"फॉन्ट नाहीये ना सर इकडे," प्रवीण हळूच म्हणाला. "पलीकडच्यालाही तुमचं साराक्षर द्यावं लागेल. ते नेटवरूनच पाठवता येईल की."

"आणि कुलूप? ते कोण पाठवणार, तुझा बाप?"

"कुलूप नेटवरून जात नाही, सर."

हे तो वाईट हेतूने बोलला नव्हता. पण रॉबिनला ते असं झोंबलं, की चहा न पिता तो तडक बाहेर आला आणि स्कूटरला चार किका मारल्या तरी ती सुरू होईना, तेव्हा स्कूटरलाच एक लाथ घातली.

घरी सारा ड्यूटीवरून येऊन नुकतीच टेकली होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अहो, मग काढून टाका ना ते कुलूप एकदाचं."

"काढून टाका! बोलायला काय जातंय? मग माझ्या हातात राहिलं काय?"

"अक्षर राहील की."

"अक्षर हातात राहत नसतं, सारा. एकदा गेलं की गेलं. आज पुणे, उद्या मुंबई, परवा कुणीतरी म्हणेल हे माझंच."

"आणि नाही काढलं तर?"

जेवताना त्याने भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच ताटात ठेवला. ताट उचलताना सारा म्हणाली, "माझ्या नावाचं आहे ना ते? मग माझंही थोडं ऐका."

त्याने अर्धं ऐकलं. तो हट्टी होता, पण मूर्ख नव्हता. पुढचे तीन दिवस दुकानाचं दार लोटून त्याने एक नवाच प्रकार तयार केला. पुण्याच्या मशीनवर साराक्षर दिसेल, वाचता येईल, छापता येईल, पण त्यात नवीन एक अक्षर लिहिता येणार नाही. लिहायचं असेल तर डबी हवीच, मशीनही पाटोळेचंच हवं. दार उघडायचं, पण साखळी लावून. शुक्रवारी संध्याकाळी ते चाललं तेव्हा त्याने छबूबाईंना पेढे आणायला पाठवलं. दोघांनी उभ्या उभ्या दोन-दोन पेढे खाल्ले. छबूबाई म्हणाल्या, "साहेब, आता अकरा मशीनं म्हणजे आणखी एक खुर्ची लागेल बरं का." किती दिवसांनी रॉबिन मोकळा हसला.

शनिवारी दहाला सीनातीरच्या कचेरीत सगळे गोळा झाले. दोन फोन होते. एक नेटला लावलेला, दुसरा पुण्याच्या छापखान्याला. पलीकडे मच्छिंद्र नावाचा ऑपरेटर होता, काकासाहेबांनी त्याचा आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा स्पीकर लावला. रॉबिनच्या शर्टच्या खिशात ती नवी फ्लॉपी होती. आधी पान धाडायचं, मच्छिंद्र म्हणणार उकिरडा दिसतोय, मग फ्लॉपीतलं धाडायचं, आणि त्याच्यासमोर अक्षरं उमटायची. रॉबिनने ते मुद्दाम तसं योजलं होतं. आधी सगळ्यांचे चेहरे उतरू देत, मग बघा म्हणावं पाटोळेची करामत!

पान निघालं. दहा मिनिटं लागली, मध्ये लाईन तुटली, काकासाहेबांनी दोन शिव्या हासडल्या. मग स्पीकर खरखरला.

"काका, आलं बरं का पान."

"कसं दिसतंय?"

"थांबा... कचरा दिसतोय सगळा."

रॉबिनने खिशातून फ्लॉपी काढली. घसा साफ केला. "आता बघा, काकासाहेब..."

"हां, एक मिनिट," मच्छिंद्रचा आवाज आला. "काका, असला कचरा ओळखीचा आहे, हा तर शिंगणापूर दिसतोय. सगळं सिलेक्ट करून शिंगणापूर लावून बघतो... आलं! एक नंबर! मथळा, मजकूर, सगळं जिथल्या तिथं."

कचेरीत टाळ्या पडल्या. कुणीतरी रॉबिनच्या पाठीवर थाप मारली. तो फ्लॉपी हातात धरून तसाच उभा होता.

"काय लावलं?" त्याने स्पीकरकडे वाकून विचारलं.

"शिंगणापूर फॉन्ट. नेटवर आहे की, फुकट. आम्ही मागेच उतरवलाय. पुण्यात बऱ्याच जणांकडे आहे आता. लई झकास अक्षर."

"टाइप करता येतं त्यात? नवीन?"

"येतं की. सगळं येतं. कुठल्याही मशीनवर."

टाळ्या केव्हाच थांबल्या होत्या. काकासाहेबांनी स्पीकर बंद केला, चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. ते काही दुष्ट माणूस नव्हते. पण धंदा म्हणजे धंदा.

"पाटोळे, उघडलं बाबा तुझं अक्षर."

"ते माझं आहे, काकासाहेब! शिंगणापूर नाही, साराक्षर आहे ते! चोरलंय कुणीतरी!"

"असेल ना. मी कुठं नाही म्हणतो? पण मी चोरलं का? मच्छिंद्रने चोरलं? तिथं ठेवलेलं, त्याने घेतलं."

"तुम्ही म्हणाला होता, उघडलं तर अकराही तुझी."

"म्हणालो होतो. तेव्हा मला वाटलं, तुझ्याशिवाय ते उघडत नाही." काकासाहेबांचा आवाज खाली आला. "आता मला सांग, तेच अक्षर फुकट मिळतंय, कुठल्याही मशीनवर चालतंय, तर मी तुझी अकरा मशीनं आणि अकरा कुलपं का घ्यावीत? तूच माझ्या खुर्चीत बस आणि सांग."

रॉबिन खुर्चीत बसला नाही. तो जिना उतरला, स्कूटर काढली आणि घराकडे न वळता थेट औरंगाबाद रस्त्याला लागला. शिंगणापूर! नाव काय, तर शिंगणापूर! आता बघतोच त्या गोरक्षकडे. घोडेगावपर्यंत त्याने मनात एवढी भाषणं केली, की गोरक्षच्या सात पिढ्यांचा उद्धार होऊन गेला.

आणि वारही नेमका शनिवार! घोडेगावच्या फाट्यापासून गाड्यांची रांग लागलेली. जीपवाले, टेम्पोवाले, बसा हो बसा म्हणणारे. एकाने तर चालत्या स्कूटरसमोर तेलाची बाटली धरली, "तेल घ्या, फुलं घ्या, चपला इथंच काढा." रॉबिन ओरडला, "मी दर्शनाला नाही आलो!" तो माणूस म्हणाला, "पहिल्यांदा सगळेच आसं म्हनत्यात."

गोरक्षचं घर गल्लीत होतं. दाराच्या जागी नुसती चौकट, तिच्यावर निळा पडदा. टकटक करायला फळीच नव्हती. भांडायला आलेल्या माणसाने करावं तरी काय? शेवटी तो बाहेरूनच गरजला, "गोरक्ष!"

पडदा बाजूला झाला. "आरं तिच्या! पाटोळे सायेब! शनवारचं आलात, दर्शन घेनार का?"

"तुझंच दर्शन घ्यायला आलोय. माझी फ्लॉपी कुणाला दिलीस?"

"कोनती फ्लॉपी? बसा तरी. आगं, च्या टाक!"

"बसत नाही मी! बिनकुलपाची फ्लॉपी! शिंगणापूर लिहिलेली!"

"हां, ती व्हय!" गोरक्षचा चेहरा फुलला. "ती तर अमेरिकेला गेली."

त्याने सांगितलं ते असं. आदल्या दिवाळीत एक मराठी माणूस अमेरिकेहून आईला घेऊन दर्शनाला आला होता. म्हातारी ऐंशीची. तिने गोरक्षकडे छापलेली आरती बघितली, अक्षरावर बोटं फिरवली आणि पोराला म्हणाली, मला तिकडं असलं अक्षर पाहिजे, तुमचं इंग्रजी बघून माझे डोळे आंबले. पोराने विचारलं, मिळेल का? गोरक्षने फ्लॉपी काढून दिली. "त्यो बी लई भला मानूस. म्हनला, माझ्या आईसारख्या कितीतरी म्हाताऱ्या हायत तिकडं. मंग त्यानं ते नेटवर टाकलं. आता लोकं मला पत्रं धाडत्यात, सायेब! ह्ये बघा, आष्ट्रेलियाहून!"

"मला विचारायचं तरी होतंस!"

"तुमाला?" गोरक्ष खरोखरच गोंधळला. "तुमी तर सोताच्या हातानं कुलूप काढून दिलं हुतं. आमच्यात उघड्या घरातनं न विचारता उचललं तर ती चोरी. पन कुनी मागितलं आन् मालकानं दिलं, त्याला काय म्हनायचं?"

"मालक मी आहे! मी!"

"मंग त्येच्यात तुमचं नाव का न्हाई?" गोरक्षने अगदी सरळ विचारलं. "त्यो मानूस ईचारत हुता, सायेब. म्हनला, कुनी केलं, त्याचं नाव घालू, उपकार मानू. आमी दोघांनी फ्लॉपी उलटी केली, सुलटी केली, मशीनात घालून बघितली. सगळीकडं शिंगणापूर. मला वाटलं, मोठी मानसं तुमी, केलं आसंल गावासाठी. नाव नको वाटलं आसंल."

रॉबिनने तोंड उघडलं. घोडेगावपर्यंत केलेल्या भाषणांतलं एकही तिथं बसेना. नाव कुणी काढलं? यानेच. का काढलं? तर दुसऱ्या गिऱ्हाइकांना कळू नये म्हणून, आणखी कुणाला असं मोकळं द्यावं लागू नये म्हणून. आता हे या माणसाला कोणत्या तोंडाने सांगायचं? गोरक्षच्या बायकोने चहा आणला. रॉबिनला तो घ्यावा लागला. जिथं भांडायला आलो त्याच घरचा चहा पिण्याइतकी चिडचिड दुसऱ्या कशानेच होत नाही.

"काय बिघडलं का सायेब माझ्या हातनं?" निघताना गोरक्षने विचारलं. त्याचा चेहरा उतरला होता.

"तुझ्या हातून नाही," रॉबिन म्हणाला आणि स्कूटर सुरू केली.

घरी आल्यावर त्याने साराला सगळं सांगितलं, एक शब्द न गाळता. नाव पुसल्याचंही सांगितलं, जे दोन वर्षं तिच्यापासून लपवलं होतं. तिने हातातल्या रुमालाची घडी घातली. "म्हणजे ती म्हातारी आता त्यात लिहिते?" तिने विचारलं.

"लिहीत असेल. मला काय करायचंय?"

"आणि पीटरला काय कळवायचं?"

"महिनाअखेर येतो म्हणून कळव."

सोमवारी त्याने दुकान उघडलं ते आवरायला. छबूबाईंना अजून सांगितलं नव्हतं, जीभच रेटत नव्हती. त्या सीनातीरच्या ऑर्डरचं विचारत नव्हत्या, त्यावरून त्यांना कळलं असावं. अकराच्या सुमारास पारनेरच्या एस.टी.तून उतरलेले एक मास्तर आले. धोतरासारखा पांढराशुभ्र टॉवेल पांघरलेलं मशीन त्यांनी पोटाशी धरलं होतं.

"नमस्कार. सावेडीला निघालो होतो, पण स्टँडसमोर तुमची पाटी दिसली. तुम्हाला ते शिंगणापूर बसवता येतं का हो?"

छबूबाईंची बोटं थांबली.

"येतं," रॉबिन म्हणाला.

"नक्की ना? मशीन तुमच्याकडचं नाही, म्हणून विचारतो. शाळेचं आहे, बिघडायला नको. तुम्हाला जमत नसेल तर तसं सांगा, सावेडीत कुणी प्रवीण म्हणून आहेत, त्यांना चांगलं जमतं म्हणतात."

"बसा, मास्तर. नाही बिघडायचं."

मशीन दुसऱ्याचं होतं. रॉबिनने वायरी जोडल्या, गोरक्षसाठी केलेल्या त्या फ्लॉपीची स्वतःजवळची प्रत खणातून शोधून काढली आणि पाच मिनिटांत अक्षर बसवलं. मग सवयीने दोन ओळी टाइप करून बघितल्या. मास्तर त्याच्या खांद्यावरून वाकून पडद्याकडे पाहत राहिले.

"वा! काय अक्षर आहे! तो ळ बघा, तो ळ! पोरांना गिरवायला द्यावा असा. कुणी काढलं असेल हो हे?"

रॉबिनचे हात कळफलकावर थांबले. "मी काढलंय," तो म्हणाला.

मास्तरांनी क्षणभर त्याच्याकडे पाहिलं आणि खो खो हसत त्याच्या पाठीवर थाप मारली. "काय राव, गरिबाची चेष्टा करता! अहो, नेटवरचं आहे ते. अमेरिकेतनं आलंय."

"मास्तर, साहेबांनीच खरं तर..." छबूबाई उसळून उठल्या. रॉबिनने हातानेच त्यांना खाली बसवलं. दुसरा कुणी असता, दुसरा दिवस असता, तर त्याने मास्तरांना मशीनसकट बाहेर काढलं असतं.

"असेल," तो म्हणाला. "इकडे या, रफार कसा द्यायचा ते दाखवतो."